कारणांची खोली

“तू उघड,” दादा म्हणाला.

नव्या घराला दोन दारं होती. एक पुढचं, रुंद, सगळ्यांचं. दुसरं हे कडेचं, अजून पॉलिशचा वास असलेलं. मंडळी पुढच्या दारानं न जाता घराला वळसा घालून इथं आली होती आणि चिंगीला सगळ्यांच्या पुढे केलं होतं. पन्नाशी ओलांडलेली, दातांच्या कॅपा घडवणारी बाई, गावातले अर्धे दंतवैद्य तिला ‘मॅडम’ म्हणत. भावांच्या तोंडी मात्र अजून चिंगीच.

तिनं कडी सरकवली. दार जराही न वाजता उघडलं. दादाच्या हातचं दार वाजत नसे.

“हे तुझं वेगळं दार,” तो मागून म्हणाला. “कितीही उशिरा ये, कुणाला उठवायला नको. तूच म्हणाली होतीस ना, माझ्या वेळीअवेळी येण्याचा तुम्हाला ताप होईल म्हणून? आता बोल.”

म्हणाली होती. पण उठताना आपण ‘चला’ म्हणतो ना, तसं. फोन संपवायला म्हणाली होती.

आत पाऊल टाकण्याआधी तिनं मागे पाहिलं. दादाच्या मागे वहिनी, पदर कमरेला खोचून, लाकडाच्या दुकानातून तशीच आलेली. तिच्या मागे भाऊ, मधला, आईचा दंड धरून. भाऊ तिच्या नजरेला नजर देईना. सकाळी गाडीत बसेपर्यंत तो ठीक होता.

*

या घराण्यात तक्रार कुणाला ऐकताच यायची नाही.

आजोबा चौकटी करायचे, वडील जिने करायचे, दादा अख्खी घरं बांधतो. तिघांचाही कान एकाच जातीचा. कुणी म्हणालं पलंग करकरतो, की संध्याकाळपर्यंत पलंग उलटा. आईनं नव्या लग्नात नवऱ्याला सांगितलं होतं, धुरानं माझे डोळे जळतात. तिला वाटलं होतं तो जवळ येऊन डोळ्यांत फुंकर घालेल. त्यानं पहार आणली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडलं. आई ही गोष्ट हसत सांगते. पहिल्या वेळी ती हसली नव्हती, हे चिंगीला ठाऊक आहे.

दादानं नव्या घराची कल्पना काढली तेव्हा पहिला फोन चिंगीलाच आला. “एकत्र राहू. आईची खोली, तुझी खोली, आम्ही दोघं. भाऊ येत असेल तर तोही.” त्या क्षणी चिंगीला नक्की माहीत होतं की आपल्याला जायचं नाही. मनात जराही किंतु नव्हता. आणि ती म्हणाली:

*“मला जिना चढवत नाही रे आता.”*

“बघ,” दादानं बुटाच्या टोकानं जमीन दाखवली. “उंबरासुद्धा नाही. बाहेरची फरशी आणि आतली फरशी एका पातळीत. पाणी आत येऊ नये म्हणून उतार बाहेरच्या बाजूला दिलाय. गुडघ्याला समजणारसुद्धा नाही की आपण घरात शिरलो.”

“बसा वन्सं,” वहिनीनं खुर्ची ओढली. “किती वेळ उभ्या राहणार.”

चिंगीच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची, लिफ्ट नव्हती, दातांच्या साच्यांसाठीच्या प्लॅस्टरची पिशवी खांद्यावर घेऊन ती दम न लागता वर जायची. पण त्या एका फोनपासून घरात तिचा गुडघा दुखायला लागला होता. वहिनी तेल पाठवायची. भाऊच्या मुलीनं व्यायाम लिहून दिले होते. ती खुर्चीवर बसली. बसताना, सवयीनं, गुडघ्यावर हातही ठेवला.

भाऊनं तो हात पाहिला आणि तोंड फिरवलं.

*“भट्टीचा वास तुम्हाला सोसायचा नाही.”*

कोपऱ्यात ओटा होता. ओट्यावर पत्र्याचं धुराडं, सरळ छतातून बाहेर गेलेलं. दादानं बटण दाबलं, आत पंखा घुमला. “वायरिंग भाऊचं. वेगळी लाइन दिलीय भट्टीला. घरातले दिवे गेले तरी तुझे दात भाजत राहतील.”

“मस्त आहे,” भाऊ म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदा बोलला.

*“माझ्या कामाला उजेड कसा लागतो ते तुला माहीत नाही.”*

हे ती कधीतरी चिडून म्हणाली होती. दादा चिडला नव्हता. तो दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी येऊन दुपारभर स्टुलावर बसून राहिला होता. चिंगी पोर्सेलीनची कॅप घडवत होती. ब्रशच्या टोकानं पांढरी भुकटी थरावर थर चढवायची, भाजायची, मग खिडकीशी नेऊन शेडच्या नमुन्यांना लावून पाहायची. एकाच माणसाचा शेजारचा दात कसा किंचित पिवळा असतो, टोकाकडे कसा निळसर होत जातो. दिव्याच्या उजेडात दोन्ही सारखे दिसतात आणि पेशंट बाहेर उन्हात जाऊन हसला की कॅप वेगळी दिसते. दादा सगळं बघत होता. जाताना फक्त एवढंच म्हणाला, “उत्तरेची खिडकी.”

आता त्यानं पडदा बाजूला सारला.

चिंगी उठली. गुडघ्यावर हात ठेवायचं विसरून उठली.

खिडकी भिंतभर होती. समोर काही नव्हतं, शेजारच्या रिकाम्या जागेचा मोकळेपणा सरळ आत येत होता. ऊन नाही, झळ नाही, सावली नाही. तिनं हात पुढे केला. नखांखालचा गुलाबी वेगळा दिसला, नखाच्या कडेचा पिवळट वेगळा. या खिडकीत बसून केलेला एकही दात परत आला नसता.

आपण हो म्हणणार आहोत, असं तिला वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं. शब्द ओठांपर्यंत आला होता.

मग तिनं डावीकडे पाहिलं.

*

डावीकडच्या भिंतीत भगदाड होतं. माणूस जाईल एवढं, चौकट न बसवलेलं, विटांचे दात दिसणारं. त्यातून पलीकडची खोली दिसत होती. आत पलंग होता, आईचा. उजेड तिथवर पोचत नव्हता.

“इथं दार येणार,” दादा म्हणाला. “चौकट तयार आहे, उद्या गवंडी येतोय. आईला काही लागलं की तिनं नुसती हाक मारायची, तू आहेसच.”

“वन्सं घरीच काम करतात, हे किती बरं,” वहिनी म्हणाली. “आम्ही दोघं सकाळी जे बाहेर पडतो ते संध्याकाळीच. आईंना दिवसभर एकटं ठेवायचं म्हणजे जिवाला घोर.”

“तेच तर,” भाऊ म्हणाला. “आणि चिंगी येणारच आहे. मला म्हणाली ती.”

चिंगीनं वळून पाहिलं. भाऊ छताच्या कोपऱ्यातली वायर तपासत होता.

मागच्या महिन्यात भाऊलाही दादाचा फोन गेला होता, वरच्या मजल्यासाठी. भाऊ एका वाक्यात सुटला होता. त्यानंच चिंगीला शिकवलं होतं, तिच्या घरी, चहा ओतता ओतता: “अगं वेडे, कारण दिलंस की दादा ते दुरुस्त करतो. आपण कारण द्यायचंच नाही. ‘नाही दादा, आम्ही येत नाही.’ संपलं. तो विचारेल का. पुन्हा तेच म्हणायचं. जास्तीचा शब्द घातलास की त्याच्या हातात खिळा दिलास.” आणि पाठीवर थाप मारून म्हणाला होता, “तू म्हण, मी आहे तुझ्या बाजूनं.”

तेव्हा त्याच्या लक्षात आलं नसावं. सकाळी गाडीत आई त्याच्या शेजारी येऊन बसली तेव्हा आलं असावं: चिंगी नाही म्हणाली, तर आई जिथं आहे तिथंच राहणार. म्हणजे भाऊकडे.

“मी असं म्हणाले नाही, भाऊ,” चिंगी म्हणाली.

“तसं नाही गं, पण एकूण बोलण्यावरून...”

“खोली आवडली की नाही ते सांग आधी,” दादा म्हणाला.

“छान आहे रे. खरंच छान आहे. पण...”

सगळे पुढे झुकले. दादाच्या हातात मोजायचा टेप कधी आला कळलं नाही. तो त्या ‘पण’कडे असा बघत होता, जसा पाहुण्याच्या ताटाकडे यजमान बघतो, काय संपलंय, काय वाढू.

“पण काय? सांग ना. अजून रंग व्हायचाय. आत्ताच सगळं सांगून टाक.”

आणि चिंगीच्या तोंडाशी कारणांची रांग लागली. रस्त्याचा आवाज येईल. (दुहेरी काच बसवेल.) माझी गिऱ्हाइकं तिकडची आहेत. (रोज एक माणूस पाठवून देईल.) मला एकटीची सवय झालीय. (आतून कडी लावून देईल.) एकेक कारण सभ्य, नरम, कुणालाही न टोचणारं. एकेक कारण म्हणजे आणखी एक वीट.

तिनं तोंड मिटलं.

बाहेर कुठंतरी कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

*

“मी येत नाही, दादा.”

“म्हणजे या महिन्यात नाही?”

“नाही. राहायला येतच नाही.”

“बरं. कारण काय?”

“कारण नाही.”

“असं कसं कारण नाही?” तो हसला. टेप खाली ठेवला नव्हता. “काहीतरी खुपलं असेल. दाराचं तोंड? ते फिरवता येईल.”

“दार चांगलं आहे.”

“ओटा उंच झालाय का?”

“दादा, मी येत नाही.”

“अगं, ऐकून तर घेशील का? तुला आईचा भार वाटत असेल तर तसं सांग, आपण बाई ठेवू. मोकळेपणानं बोल, आपल्यात काय.”

“दादा, मला यायचं नाही.”

चौथ्यांदा ते वाक्य बोलल्यावर तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. इतका साधा की उद्धट. भाऊनं शिकवताना हे सांगितलं नव्हतं, की ते वाक्य बोलून झाल्यावर तिथंच उभं राहायचं असतं, समोरच्याच्या चेहऱ्यासमोर.

“वन्सं,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही, हेच वाईट होतं. “दोन वर्षं. तुमचा फोन ठेवला की हे कागद पेन्सिल घेऊन बसायचे. जेवण निवायचं. तुम्ही खोकलात तरी हे उठून भिंत सरकवायचे. आणि आज तुम्ही उभ्या उभ्या सांगता, यायचं नाही?”

“हो, वहिनी.”

“हो, वहिनी,” वहिनीनं वेडावल्यासारखं म्हटलं आणि खिडकीकडे पाठ केली.

दादा अजून हिशेब जुळवत होता. बिघाड कुठं आहे ते शोधणाऱ्या माणसासारखा तो खोलीभर नजर फिरवत राहिला, जमिनीवरून ओट्यावर, ओट्यावरून धुराड्यावर.

“गुडघा?” त्यानं विचारलं.

“बरा आहे.”

“म्हणजे आता बरा झाला?”

“आधीपासून बरा होता.”

“भट्टीचा वास?”

“साच्यातलं मेण जाळताना येतो थोडा. खिडकी उघडली की जातो.”

“रात्री उशिरा येणं?”

“मी नऊला झोपते, दादा.”

त्यानं खिडकीकडे पाहिलं. विचारायला धजेना, तरी विचारलं. “आणि उजेड?”

“उजेडाचं कारण खरं,” चिंगी म्हणाली. “असा उजेड मला कधी मिळाला नाही. तरी मला यायचं नाही.”

टेपची पट्टी सर्रकन आत गेली.

“मग तू पहिल्याच फोनला का नाही सांगितलंस?”

“तू रागावला असतास.”

“रागावलो असतो. आठ दिवस बोललो नसतो तुझ्याशी. मग बोललो असतो.” तो थांबला. “चिंगे, आठ दिवसांचा राग होता गं तो. त्याच्यासाठी तू मला हे सगळं बांधू दिलंस.”

तिला सॉरी म्हणावंसं वाटलं, आणि सॉरीच्या मागोमाग ‘बघते, विचार करते’ हेही येईल, हे कळलं. म्हणून ती सॉरीही म्हणाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती दादासमोर अपराधी होती आणि तरीही मागे सरत नव्हती. या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात हे तिला माहीतच नव्हतं.

*

“दादा, तिला दोन दिवस दे,” भाऊ मध्ये पडला. “मी समजावतो. बायकांचं असं होतं कधी कधी, घाबरतात एकदम.”

“भाऊ,” चिंगी म्हणाली, “तूच शिकवलंस मला.”

“काय शिकवलं?” दादानं मान वळवली.

“काही नाही रे, ती आपली...”

“कारण देऊ नको म्हणून शिकवलं. स्वतः वरच्या मजल्याला नाही म्हणालास तसं. माझ्या बाजूनं बोलतो म्हणाला होतास.”

भाऊचे कान लाल झाले. “मी माझ्यापुरतं बोललो होतो. माझं घर आहे, संसार आहे. तू एकटी. तुला काय अडचण आहे ते तरी सांग. आईला दिवसा कोण बघणार? बोल ना. आई एकटी कशी राहील दिवसभर?”

“तुझ्याकडे राहते तशी,” आई म्हणाली.

सगळ्यांना आईचा विसर पडला होता. ती पलीकडून, त्या भगदाडातून बोलत होती. केव्हाची आतली खोली पाहायला गेली होती आणि आता कच्च्या विटांना हात टेकून उभी होती.

“आई, तू बस आधी,” भाऊ म्हणाला.

“तुझ्याकडे दिवसा कोण असतं माझ्याजवळ?”

“आई, आत्ता तो विषय...”

“तू कामावर, सूनबाई कामावर, पोरगी कॉलेजात. मी आणि रेडिओ. नळाचं पाणीसुद्धा मीच भरते.” ती दादाकडे वळली. “हा तुला काय सांगतो, मला माहीत नाही. मी एकटीच असते. मला त्याचं काही नाही. मला आवडतं. पण माझ्या नावावर पोरीला कशाला बांधता?”

दादानं भाऊकडे पाहिलं. “तू म्हणालास तिला क्षणभर एकटं सोडता येत नाही.”

“म्हणजे, सोडू नये, असं मला म्हणायचं होतं.”

“तुझं पण कारणच होतं तर,” दादा म्हणाला.

वहिनी खिडकीपाशी होती ती वळली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग भाऊकडे, मग चिंगीकडे. आणि जागा बदलली. नुसती दोन पावलं, पण आता ती चिंगीच्या शेजारी उभी होती. “मी यांना पहिल्या दिवसापासून सांगत होते, वन्सं यायच्या नाहीत,” ती हळूच म्हणाली. “यांना पटायचं नाही. तुमची कारणं फार चांगली असायची हो.”

दादा जमिनीवरच्या रिकाम्या पेटीवर बसला. इतक्या सावकाश, जणू पेटी त्याला पेलेल की नाही याची खात्री नव्हती. मग त्यानं असा प्रश्न विचारला जो या घराण्यात कुणी कुणाला विचारल्याचं चिंगीला आठवत नव्हतं.

“आई, तुला यायचंय का इथं? खरं सांग.”

आईनं त्या भिंतभर खिडकीकडे पाहिलं. भाऊनं मध्ये तोंड उघडलं, वहिनीनं हातानं त्याला थांबवलं.

“यायचंय,” आई म्हणाली. “पण त्या कोंडवाड्यात नाही. ही खोली मला दे.”

“ही? अगं, ही कामाची खोली आहे. ओटा, धुराडं...”

“ओट्यावर माझा रेडिओ ठेवीन. धुराडं काढ. आणि हे भोक बुजव. मला शेजारी कुणी नको, हाक ऐकू जाईल एवढ्या जवळ.”

तिच्या चेहऱ्यावर उत्तरेचा उजेड पडला होता. सुरकुतीन् सुरकुती दिसत होती, आणि ती कुणाची परवानगी मागत नव्हती.

दादानं मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, कळलं नाही. भाऊ बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिला.

*

निघताना दादा फाटकापर्यंत आला. वहिनी म्हणाली होती थांबा, चहा ठेवते. चिंगी थांबली नव्हती. रस्त्यावर खडी पसरलेली होती, चालताना दोघांच्या पायांखाली ती करकरत होती.

फाटकाशी दादानं अंगावरचा भुसा झटकला. अंगावर भुसा नव्हता.

“गाडीनं सोडू?”

“नको. बसनं जाईन.”

तो ‘का’ म्हणणार होता. ओठ हलले होते. त्यानं गिळलं.

“मी रागावलोय,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“आठ दिवसांवर भागणार नाही हे. आधी सांगितलं असतंस तर गोष्ट वेगळी. आता बरेच दिवस जातील.”

“जाऊ देत.”

“तोंडदेखलं गोड बोलणार नाही मी तुझ्याशी.”

“नको बोलूस.”

त्यानं फाटक लावून घेतलं. आता तो आत होता, ती बाहेर. फाटकाच्या गजांवर हात ठेवून तो तिच्याकडे नाही, रस्त्याकडे बघत होता.

“आणि मी स्वतः करीपर्यंत,” तो म्हणाला, “मला फोन करू नकोस.”

चिंगी जायला वळली होती. ती थांबली. ‘बरं’ हा शब्द तिच्या तोंडात तयार होता, नेहमीसारखा, गुळगुळीत, कुणालाही न टोचणारा. तिनं तो तसाच राहू दिला.

“नाही दादा,” ती म्हणाली. “मी करणार.”